बिनशिकारीचा डाव

मला देवचंद पसंत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जो तमाशा केला तो वाचून कुणी म्हणायला नको की हिला लग्नच करायचं नव्हतं. करायचं होतं. माणूस सरळ, धुळ्याला स्वतःचा कॉम्प्युटर क्लास, आणि समोरचा बोलत असला की मध्येच तोंड न घालणारा. असे पुरुष आमच्याकडे दिवा घेऊन शोधावे लागतात. अडचण एकच होती, आणि ती मटणाची होती.

आमचं घर महानुभाव पंथाचं. आम्ही चोपड्याचे, दारात कुणी आलं की नमस्काराच्या जागी दंडवत म्हणणारे. घरात मांसमच्छी तर सोडाच, अंड्याचं नाव निघालं तरी माझी आई तोंड फिरवायची. आणि देवचंदांच्या घरी रविवार म्हणजे मटण. जात एक, सोयरेधायरे एक, फक्त चुलीवर शिजतं ते वेगळं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "बोलून घेऊ की," एवढंच ते म्हणायचे.

बोलून घेतल्यावर काय होतं ते मी अक्काच्या बाबतीत पाहिलं होतं. अक्का माझी थोरली बहीण, दोंडाईच्याला दिलेली. तिच्या वेळीही सगळं बोलून घेतलं होतं. "हो हो, तिला हातसुद्धा लावावा लागणार नाही," असं भाऊजी आमच्या ओट्यावर बसून म्हणाले होते. पण भाऊजींचा स्वभाव असा, की बायकोला हो, आईलाही हो, आणि मग दिवसभर दुकानात. वर्षाच्या आत अक्का नाकाला पदर लावून रस्सा ढवळत होती. मी एकदा तिच्याकडे गेले, तर तिनं पातेलं उतरवलं, हात साबणानं घासघासून धुतले, मला भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "वास येतोय का गं हाताला?" मला असा राग आला म्हणून सांगू! आधी तिचा, मग भाऊजींचा, मग नानांचा. ती भाकरी माझ्या घशाखाली उतरेना.

म्हणून देवचंद मला बघायला आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारून टाकलं, "मी मटण शिजवणार नाही. चालेल?" नाना उगाच खोकले. देवचंद लगेच म्हणाले, "चालेल." त्यांच्या आई, द्रौपदाबाई, शेजारी बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "होई जाई बठ्ठं, पोरी. होई जाई." त्यांचं बोलणं अस्सल धुळ्याकडचं. होऊन जाईल सगळं, असं म्हणाल्या त्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात मायेचा होता, नाही असं नाही. पण माझं डोकं फिरलं. मुलगा म्हणतो चालेल, आई म्हणते होऊन जाईल. मी यातलं खरं कुठलं धरायचं? आणि चालेल म्हणायला काय जातं? भाऊजींचं काय गेलं होतं?

नानांना सांगितलं, मला एकदा देवचंदांना भेटू द्या. बोलायला नको, खेळायला. नाना म्हणाले, "काय डोंबलाचं खेळणार?" मी म्हटलं, कॉम्प्युटरवर.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा उन्हाळा होता. मी आणि माझा धाकटा भाऊ मगन जळगावात खोली घेऊन राहायचो. तो कॉलेजात होता, मी एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचे. क्लासात कुणीतरी पुण्याहून एका खेळाची सीडी आणली होती आणि सगळ्यांना त्याचं वेड लागलं होतं. देवचंदही धुळ्याला तोच खेळ खेळायचे, बघायला आले तेव्हा बोलता बोलता ते निघालं होतं.

खेळ प्राचीन काळातला. सुरुवातीला तुमच्याकडे एक चावडी आणि मोजकी माणसं. त्यांना आम्ही सालदार म्हणायचो, कारण शेतावरच्या वर्षभराच्या गड्यांसारखं सांगाल ते काम ते बिचारे मुकाट्यानं करत. लाकूड तोड म्हटलं की तोडायचे, दगड फोड म्हटलं की फोडायचे. त्यांनी अन्न आणलं की त्यातून नवा सालदार तयार होतो. आणि अन्न बऱ्यापैकी साठवलं तर तुमचं गाव पुढच्या युगात जातं. तिथं गेल्याशिवाय ना शेती करता येते, ना धनुष्यबाण मिळतात, ना घोडे. म्हणजे खरा डाव सुरुवातीलाच असतो. सालदार किती वाढवायचे आणि कुठं थांबून अन्न साठवायला लागायचं, हे ज्याला कळलं त्याचं गाव उभं राहतं. थांबला नाहीत तर नुसती खाणारी तोंडं वाढतात.

सुरुवातीला अन्न मिळतं दोन ठिकाणी. चावडीजवळ झुडपं असतात, त्यांना आम्ही बोरी म्हणायचो. आणि थोड्या अंतरावर हरणं चरत असतात. बोरी लवकर संपतात, म्हणून सगळे जण हरणांवर माणसं सोडतात. मी नाही सोडत.

मगन यावर हसून लोळायचा. "ताई, अगं, ती चित्रं आहेत चित्रं!"

"असू देत."

"आणि माणसं मारतेस ती? त्यांचं पाप नाही लागत?"

"ती कुऱ्हाडी घेऊन अंगावर येतात. हरीण कुठं येतं अंगावर?"

पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मी सपाटून हरायचे. क्लासातली पोरं हरणं खाऊन धष्टपुष्ट व्हायची आणि मी बोरी वेचतेय तोवर दारात हजर. मग मी माझी रीत बसवली. सालदार थोडेच करायचे. बोरींवर निम्मे, उरलेले पहिल्यापासून लाकडावर, कारण पुढं शेतीला लाकूड लागतं. बोरींचं अन्न उधळायचं नाही, साठवायचं. आणि घरं बांधायची ती झाडीला लागून ओळीनं, म्हणजे शत्रूला यायला एकच चिंचोळी वाट उरते. तिथं सालदारसुद्धा घोळका करून एकेकाला आडवा पाडू शकतात. शिकारीशिवाय खेळायचं तर सावकाश आणि सांभाळून खेळावं लागतं, पण जमतं. मी ते जमवलं होतं आणि मला त्याचा बऱ्यापैकी माजही होता.

तर त्या रविवारी क्लास बंद होता. मालकांनी किल्ली दिली. क्लासाच्या दोन खोल्या म्हणजे एकाच खोलीत मधोमध प्लायवूडचा पडदा. अलीकडचं शिंकणं पलीकडे ऐकू यायचं. अलीकडच्या कॉम्प्युटरवर मी, शेजारी मगन. पलीकडच्या कॉम्प्युटरवर देवचंद, आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर द्रौपदाबाई. हो, त्याही एस.टी.नं आल्या होत्या. पोराला एकट्याला मुलीला भेटायला पाठवतात होय, असं त्यांचं म्हणणं. येताना शेवेची आणि फुटाण्यांची अशा दोन पिशव्या आणल्या होत्या, त्यातली फुटाण्यांची मगनला दिली.

सुरू करायच्या आधी मी पडद्यावरून म्हटलं, "एक अट आहे. दोघांनीही हरणं मारायची नाहीत."

"चालेल," देवचंद म्हणाले. पुन्हा तस्संच, लगेच.

मगन माझ्या कानाशी लागला. "ताई, ही लबाडी आहे. तुला अशी सवय आहे, त्यांना नाही."

"मला तरी त्यांच्या घरात कशाची सवय असणार आहे? मला बघायचंय, हाल होताना हा माणूस काय करतो ते." मगन फुटाणे खाऊ लागला.

डाव सुरू झाला. मी माझ्या रीतीनं निघाले. बोरी, लाकूड, घरांची ओळ. समोरच्याचं गाव आपल्याला दिसत नाही. आपला माणूस तिथवर जाऊन आला तरच तिथला काळोख हटतो. म्हणून पलीकडे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. नुसता माउसचा कटकट आवाज येत होता, आणि मधूनमधून द्रौपदाबाईंचं "हाऊ कोन? हाई काय शे?" देवचंद न कंटाळता सांगत होते, हा सालदार, ही चावडी, ही बोरी. ते मला आवडलं. आईवर खेकसणारा असता तर मी तिथंच उठले असते.

एवढ्यात माझ्या लाकूडतोड्यांवर हल्ला झाला. देवचंदांनी चार दांडकेवाले पाठवले होते, इतक्या लवकर! बरोबरच होतं म्हणा. शिकार नाही तर आपण मागं पडणार हे त्यांना कळलं असणार, म्हणून माझं गाव उभं राहायच्या आत ते मोडायला निघाले. माझा एक सालदार पडला, दुसरा पडला. मी "अरे देवा" म्हणून ओरडले आणि बाकीच्यांना हातातलं काम टाकून घरांच्या मधल्या वाटेशी ओढलं. दांडकेवाले पाठलाग करत तिथं एकामागून एक शिरले. माझ्या सगळ्यांनी मिळून पहिल्याला घेरलं, तो पडला की दुसऱ्याला. असं करत करत चौघेही संपवले. माझंही नुकसान झालं, पण गाव वाचलं. आणि मनातून बरं वाटलं. मुलगी आहे म्हणून सूट दिली नाही त्यांनी. खेळायचं तर खेळायचं.

पण त्या दांडकेवाल्यांवर त्यांचं अन्न गेलं होतं. सालदारही त्यांनी सवयीप्रमाणे भरमसाट केले असणार, पुढं हरणं आहेतच या हिशेबानं. आणि हरणं तर मारायची नव्हती. हळूहळू माझं साठलं, मी पुढच्या युगात गेले, शेतं केली, घराआड तिरंदाज उभे केले. पलीकडून काहीच हालचाल नव्हती. माउसचा आवाजसुद्धा कमी झाला.

मग द्रौपदाबाईंचा आवाज आला. "अरे, ह्या बठ्ठा पोऱ्या उगाच कसाले उभा शेतस?"

"खायला काही राहिलं नाही माय," देवचंद म्हणाले. "बोरी संपल्या."

"मंग समोर हरीण शे ना. मारी टाक."

"नाही मारायचं असं ठरलंय."

"कोनी ठरायं?"

"तिनं."

"ती तथी बठेल शे. तिले काय दिखस?" हे त्यांनी आवाज दाबून म्हटलं, पण प्लायवूड ते प्लायवूडच. "भुक्या मरी ऱ्हायनात बिचारा. मारी टाक म्हनस ना मी."

मगनचा हात फुटाण्यांच्या पिशवीत तसाच राहिला. आणि मग देवचंदांचा आवाज आला, अगदी शांत, नेहमीचा.

"हा माय. मारस."

मारतो, म्हणाले. इतकं सोपं असतं का? माझ्या डोळ्यांपुढं आमचा ओटा आला, भाऊजी आले, अक्काचे हात आले. मी मगनला म्हटलं, "बघितलंस? चित्रातलं हरीण वाचवता येत नाही, आणि मला वाचवणार होते." मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

मगन म्हणाला, "एकदा बघून तरी ये. नुसतं ऐकून काय ठरवतेस?"

माझ्याकडे एक घोडेस्वार तयार होता. मी त्याला पिटाळला. घरांच्या वाटेनं बाहेर, झाडीला वळसा घालून, थेट देवचंदांच्या गावात. काळोख हटत गेला. पुढं त्यांची चावडी दिसली. बोरींची जागा मोकळी पडलेली, त्याभोवती सालदार हात सोडून उभे. आणि त्यांच्यापासून दोन पावलांवर हरणांचा अख्खा कळप. एकसुद्धा पडलेलं नव्हतं. मी घोडा तिथंच थांबवला. बराच वेळ गेला. कुणी सालदार जागचा हलला नाही.

पलीकडून द्रौपदाबाई विचारत होत्या, "मारं का रे?"

"मारस ना माय, मारस."

आणि मारत तर नव्हते!

मगनचा चेहरा फुलला. "झालं! शब्द पाळला की त्यांनी. डाव थांबव आता आणि होकार देऊन टाक."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. पण लगेच डोक्यात दुसरंच काहीतरी ठसठसायला लागलं. मी उठले आणि पडद्याला वळसा घालून सरळ पलीकडे गेले. देवचंद गडबडून उभे राहिले. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर माझा घोडेस्वार त्यांच्या चावडीपुढं उभा होता.

"तुम्ही आईंना सांगितलंत की हरीण मारतो," मी म्हटलं, "आणि मारलं नाहीत."

ते हसले. जरा लाजून म्हणाले, "आईशी वाद कशाला घालायचा? तिला वाईट वाटतं. मी हो म्हणतो आणि मला करायचं तेच करतो."

"मग माझ्याशी वाद नको म्हणून मला चालेल म्हणालात का?"

त्यांचं हसू गेलं.

"तुम्ही दिवसभर क्लासात असणार," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, पण आता थांबवत कोण होतं? "चुलीपाशी मी आणि ह्या. ह्यांना वाटणार पोरगा आपल्याला हो म्हणालाय. मला वाटणार नवरा मला हो म्हणालाय. आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघणार आणि तुम्ही संध्याकाळी येऊन दोघींना हो म्हणणार. माझ्या बहिणीचं असंच झालंय. तुम्ही हरीण मारलं नाहीत, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण ह्यांना कुठं माहितीय? सांगायचं तर ह्यांना सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

मगन पडद्याआडून "ताई, ताई" करत होता. मला वाटलं, आता हा माणूस पिशवी उचलणार आणि धुळ्याची एस.टी. धरणार. पण ते आईकडे वळले आणि त्यांच्याच बोलीत म्हणाले, "माय, मी हरीण मारेल नही. तुले खोटं सांगं. आनि हाई आपला घरमा मटन रांधाव नही. मी कबूल करेल शे. तुले जे बोलनं व्हई ते मले बोल, हिले नही."

म्हणजे ही आपल्या घरात मटण रांधणार नाही, आणि बोलायचं ते मला बोल.

आता आगडोंब उसळणार म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. पण द्रौपदाबाई त्या चरणाऱ्या हरणांकडे बघत होत्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मीबी दंडवतवालासनी आंडेर शे."

आंडेर म्हणजे लेक. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. देवचंद म्हणाले, "काय?"

"तुन्हा आजा, मन्हा बाप. पिंपळनेरकडला, तुन्हा जनमना आधीच गया. दंडवत म्हने. आम्हना घरमा कोनी अंडं खाये नही."

मग त्या सांगत गेल्या. चौदा-पंधराच्या असताना लग्न झालं. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूनं सोललेलं कोंबडं हातात दिलं आणि पाटा दाखवला. त्यांनी मसाला वाटला, कोंबडं शिजवलं, मागल्या दारी जाऊन ओकल्या, आणि परत येऊन वाढायला बसल्या. पुढं देवचंदांचे वडील आग्रह करायचे, म्हणून खायलाही लागल्या. सांगताना ना रडल्या ना चिडल्या, कुठल्या गावाला कुठली गाडी जाते ते सांगावं तसं सांगत होत्या.

"तू कधी बोलली नही," देवचंद म्हणाले.

"मले कोनी इचारं नही. मंग मीबी कोनले सांगं नही."

देवचंद स्टुलाशेजारी खाली बसले. आईच्या हातचं खाऊन वाढलेला माणूस तो, त्याचा चेहरा मला बघवेना. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी इतके दिवस ज्या बाईला भीत होते ती माझ्याच घरातून आल्यासारखी समोर बसली होती, आणि तिच्यासाठी कुणी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मला हुंदका आवरला नाही. मी वाकून त्यांना दंडवत म्हटलं. त्यांनीही उलट दंडवत म्हटलं, जरा अडखळत, कितीतरी वर्षांनी.

मग त्या उठल्या, शेवेची पिशवी काखेत मारली आणि पोराला म्हणाल्या, "हाई नही रांधाव, मंग मीबी नही रांधस. तुले मटन खानं व्हई ते हाटेलमा जाय."

मगन फस्सकन हसला. देवचंद म्हणाले, "चालेल." आणि मग माझ्याकडे बघून घाईघाईनं, "खरंच चालेल."

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून चोपड्याला फोन लावला. नाना फोनपाशीच बसले असावेत. पहिल्या रिंगला उचलला आणि विचारलं, "काय गं, पसंत आहे का मुलगा?"

"मुलाचं बघू नंतर," मी म्हटलं. "सासू पसंत आहे. तारीख काढा."